'एशिया' : मद्रासहून सापडलेला लघुग्रह

लघुग्रहांच्या अधिकृत यादीत ६७ या क्रमांकापुढे 'एशिया' असे नाव आहे. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन या इंग्रज ज्योतिर्विदाने तो शोधून काढला. आशिया खंडाच्या भूमीवरून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह. म्हणून त्याला खंडाचेच नाव देण्यात आले. कोणत्याही संदर्भग्रंथात याविषयी एवढीच माहिती मिळते आणि बहुतेक वाचकांचे तेवढ्यावर समाधानही होते. परंतु त्या दोन ओळींमागे गणित, ग्रीक पुराणकथा, कंपनी सरकारचा कारभार, आगबोटीची टपाल आणि मद्रासी पंचांगकर्त्यांचे एक घराणे अशा परस्परांशी काहीही नाते नसलेल्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना म्हणूनच हा विषय परका वाटू नये. आकाशातील वस्तूंना माणसे नावे देतात, आणि नाव आले की इतिहास आलाच.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये जे मोठे अंतर आहे, त्यात एखादा ग्रह असावा अशी कल्पना अठराव्या शतकात बळावली होती. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिली बेटावरील पालेर्मो येथे पिआझ्झी या धर्मगुरू ज्योतिर्विदाला तेथे एक मंद बिंदू सरकताना दिसला. त्याला सेरेस हे नाव मिळाले. थोड्याच आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला आणि पुन्हा कोठे शोधावा हे कोणालाच कळेना. तेव्हा गाउस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा काढून दाखवली आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री सेरेस त्या जागेच्या जवळच सापडला. कागदावरच्या गणिताने हरवलेला ग्रह परत आणला, हा त्या काळी मोठाच विस्मय होता. पुढील सहा वर्षांत पॅलास, जूनो व व्हेस्टा हे आणखी तीन हाती लागले. त्यानंतर १८४५ पर्यंत एकही नाही! १८४५ नंतर मात्र रांग लागली. १८६१ च्या एप्रिलच्या मध्यापर्यंत ही संख्या ६६ वर गेली होती.

हे शोध लागत कसे, ते समजून घेतले पाहिजे. छायाचित्रणाची सोय तेव्हा या कामासाठी नव्हती. लघुग्रह दुर्बिणीतूनही ताऱ्यासारखा बिंदूच दिसतो. त्याला चकती नाही, शेपूट नाही. त्याचा वेगळेपणा एकच, तो म्हणजे त्याची गती. निरीक्षकाने आकाशाच्या एका छोट्या तुकड्याचा नकाशा घ्यावयाचा, दुर्बिणीत दिसणारा प्रत्येक तारा नकाशातील ठिपक्याशी ताडून पाहावयाचा आणि नकाशात नसलेला एखादा बिंदू आढळला की त्याची जागा नोंदवून ठेवावयाची. दुसऱ्या रात्री तो तेथेच असेल तर नकाशात चूक आहे, हललेला असेल तर काहीतरी गवसले आहे. यात बहुतेक रात्री हाती काही लागत नाही. लागलेच तर तो आधीच सापडलेला जुना लघुग्रह निघण्याचीही शक्यता असते. आपल्याकडे दळणकांडण करताना रोजच्या धान्यातला खडा हाताला कळतो, तसे रोजचे तारे ज्याच्या नजरेत बसले आहेत त्यालाच परका बिंदू चटकन खुपतो.

पॉग्सनची नजर अशी तयार झालेली होती. १८२९ साली नॉटिंगहॅम येथे जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणीच वेधकामाकडे वळला व १८५२ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत साहाय्यक झाला. तेथे असताना त्याने आयसिस, अरिआड्नी आणि हेस्टिया हे तीन लघुग्रह शोधले. रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांचा, त्याला विशेष नाद होता. असे तारे अभ्यासायचे तर तेज मोजण्याचे पक्के माप हवे. ताऱ्यांच्या पहिल्या प्रतीपासून सहाव्या प्रतीपर्यंत पायऱ्या पाडण्याची पद्धत ग्रीकांपासून चालत आलेली होती, पण एका पायरीपासून दुसरी पायरी नेमकी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे अशी अवस्था होती. पॉग्सनने १८५६ मध्ये सुचवले की पाच प्रतींच्या अंतरात तेजाचा फरक बरोबर शंभर पट धरावा. म्हणजे एका प्रतीचा फरक २.५१२ पट येतो, कारण ही संख्या पाच वेळा मांडून गुणली की गुणाकार शंभर होतो. आज जगभर हेच माप चालते. माझ्या मते पॉग्सनचे हे काम त्याच्या आठही लघुग्रहांपेक्षा मोठे आहे. पण लोकांना लघुग्रहच आठवतात.

१८६१ च्या आरंभी पॉग्सन मद्रास वेधशाळेचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आला. ही वेधशाळा मुळात विल्यम पेट्री या कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ साली स्वतःच्या हौसेने एग्मोर येथे काढली होती. पुढे ती ईस्ट इंडिया कंपनीने घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे तिची इमारत उभी राहिली. कंपनीला ताऱ्यांचे प्रेम होते असे कोणी समजू नये. जहाजांना रेखांश हवे होते, आणि मुलूख मोजावयाचा तर ज्याचे अक्षांश-रेखांश निश्चित आहेत असे एक ठिकाण हवे होते. १८०२ मध्ये लॅम्ब्टनने सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला मद्रासच्या याच ठिकाणाचा आधार होता. वेधशाळेतील यंत्राखालचा सुमारे अठरा फुटी दगडी खांब आजही नुंगमबाक्कमच्या हवामान कार्यालयाच्या आवारात उभा असून त्यावर तमिळ व तेलुगू लेखही कोरलेले आहेत. कालमापन हेही या वेधशाळेचेच काम. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. तत्पूर्वी देशातील रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत. मुंबईकरांनी मात्र आपली 'मुंबई वेळ' त्यानंतरही कित्येक वर्षे सोडली नाही, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

तर अशा या कामकाजी वेधशाळेत, येऊन दोन-तीन महिनेही झाले नसताना, पॉग्सनला १७ एप्रिलच्या रात्री तो परका बिंदू दिसला. एप्रिलमधील मद्रासचे आकाश पावसाळ्यापूर्वीचे, बऱ्यापैकी स्वच्छ असते. शिवाय मद्रासचा अक्षांश सुमारे १३ अंश उत्तर असल्यामुळे क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्य, चंद्र व ग्रह ज्या पट्ट्यातून फिरतात तो मार्ग, तेथे डोक्यावरून जातो. युरोपातील वेधशाळांत हाच पट्टा बराच खाली, क्षितिजाजवळच्या गढूळ हवेत पाहावा लागतो. लघुग्रह शोधणाऱ्याला याहून चांगली जागा कोणती हवी?

पण जागा चांगली असली तरी ती दूर होती. युरोपात एखाद्याने लघुग्रह पाहिला तर तारेने दोन दिवसांत बर्लिन, पॅरिस, लंडन येथे वार्ता पोहोचे व इतर वेधशाळा लगोलग पुष्टी देत. १८६१ मध्ये मद्रास आणि युरोप यांना जोडणारी तारच नव्हती. पत्र आगबोटीने सुएझपर्यंत, तेथून इजिप्तच्या रेल्वेने अलेक्झांड्रियापर्यंत, मग पुन्हा भूमध्य समुद्रातून बोटीने, असा प्रवास करी. सुएझचा कालवा खुला होण्यास अजून आठ वर्षे होती. वार्ता पोहोचण्यास महिना तरी सहज लागे. या अवधीत मिलान किंवा पॅरिसमधील कोणी तोच बिंदू पाहिला असता तर शोधाचे श्रेय त्याला गेले असते आणि मद्रासचे पत्र उशिरा आलेला दावा ठरले असते. ही भीती काल्पनिक नव्हती. त्या वसंत ऋतूत लघुग्रहांचा पाऊसच पडत होता: ४ व ८ मार्चला दोन, ९ एप्रिलला एक, १७ ला एशिया, एप्रिलच्या अखेरीस दोन निरनिराळ्या शहरांतून दोन, ५ मेला आणखी एक. महिनाभर तो बिंदू फक्त मद्रासला ठाऊक होता, आणि त्या महिन्यात त्याचे पुरेसे वेध घेऊन ठेवणे हे सर्वस्वी मद्रासवर अवलंबून होते. लघुग्रह एकदा हरवला की नुसते 'मी पाहिला होता' म्हणून भागत नाही. त्याची कक्षा मांडता आली तरच तो सापडला असे म्हणतात.

आता कक्षेकडे वळू. गणिताची धास्ती असणाऱ्यांनीही हा भाग सोडू नये, यात वर्ग, घन आणि वर्गमूळ यांपलीकडे काही नाही.

एखाद्या गोलाची सूर्याभोवतीची कक्षा ठरवावयाची तर सहा गोष्टी कळाव्या लागतात: लंबवर्तुळ केवढे, किती चपटे, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी किती कललेले, ती पातळी पृथ्वीच्या पातळीला कोठे छेदते, लंबवर्तुळाचे सूर्याजवळचे टोक कोणत्या दिशेला, आणि अमुक दिवशी तो गोल कक्षेत नेमका कोठे. सहा अज्ञाते म्हणजे सहा मापे हवीत. प्रत्येक वेधातून दोन मापे मिळतात, विषुवांश आणि क्रांती. म्हणून निदान तीन रात्रींचे चांगले वेध असले तर कक्षा निघते. गाउसची रीत थोडक्यात अशी आहे. वेध जितके लांबच्या तारखांचे, तितकी कक्षा भरवशाची.

एशियाचे सूर्यापासून सरासरी अंतर २.४२ खगोलीय एकके आहे. पृथ्वी व सूर्य यांतील सरासरी अंतर म्हणजे एक एकक, सुमारे १५ कोटी किलोमीटर. यावरून त्याचे वर्ष आपल्यालाही काढता येते. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे अंतराचा घन हा काळाच्या वर्गाइतका असतो. २.४२ चा घन १४.१७, त्याचे वर्गमूळ ३.७६. अधिक काटेकोर हिशेबाने हा काळ सुमारे १३७६ दिवसांचा, म्हणजे पावणेचार वर्षांहून किंचित जास्त येतो. येथे एक मौज आहे. मंगळाचे वर्ष ६८७ दिवसांचे, त्याची दुप्पट १३७४. मंगळाच्या दोन प्रदक्षिणा होतात तेवढ्यात एशियाची जवळजवळ एक पुरी होते. दुसऱ्या बाजूला गुरूचाही शेजार आहे. २.५० एककांवर वर्ष गुरूच्या वर्षाच्या बरोबर एक तृतीयांश येते, आणि त्या अंतरावर लघुग्रहांच्या पट्ट्यात जवळजवळ रिकामी फट आहे. गुरूचे ओढणे दर फेरीला त्याच त्याच जागी होत राहून तेथील लघुग्रहांच्या कक्षा बिघडत जातात. ही फट १८६६ मध्ये अमेरिकेतील कर्कवुड याने दाखवून दिली. एशिया त्या फटीच्या थोडा अलीकडे, सुरक्षित बाजूला आहे.

त्याची कक्षा बरीच चपटी आहे; विकेंद्रता ०.१८५. सूर्याच्या सर्वांत जवळ असताना तो १.९७ एककांवर, म्हणजे साडेएकोणतीस कोटी किलोमीटरवर असतो, आणि सर्वांत दूर असताना २.८७ एककांवर, म्हणजे जवळजवळ त्रेचाळीस कोटी किलोमीटरवर. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याची पातळी सुमारे सहा अंश कललेली आहे. सेकंदाला सरासरी १९ किलोमीटर या वेगाने तो फिरतो. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते. आतल्या गोटातून वेगाने धावणारी पृथ्वी दर सोळा महिन्यांनी त्याला मागे टाकते. त्या वेळी तो सूर्याच्या बरोबर समोर असतो, रात्रभर दिसतो आणि ताऱ्यांमध्ये उलटा, पंचांगाच्या भाषेत वक्री चालतो. या प्रतियुतीच्या सुमारास तो दिवसाला चंद्रबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीइतका सरकतो. म्हणूनच एका रात्रीच्या अंतराने त्याची चाल उघडकीस येते.

चपट्या कक्षेचा परिणाम तेजावर किती होतो, हे पॉग्सनच्याच मापाने मोजू. सूर्यप्रकाश लघुग्रहापर्यंत जाताना अंतराच्या वर्गाने क्षीण होतो व तेथून आपल्याकडे येताना पुन्हा तसाच क्षीण होतो. प्रतियुती सूर्यसमीप जागी झाली तर एशिया सूर्यापासून १.९७ आणि आपल्यापासून सुमारे ०.९७ एककांवर असतो. दूरच्या टोकाला झाली तर २.८७ व १.८७ वर. दोन्ही जोड्यांचे गुणाकार करून त्यांचे वर्ग घेतले तर पहिल्याचा साडेतीनच्या थोडा वर आणि दुसऱ्याचा सुमारे २९ येतो. म्हणजे तेजात जवळपास आठ पट फरक. २.५१२ चा वर्ग ६.३, तेव्हा हा फरक दोन प्रतींहून थोडा जास्त झाला. प्रत्यक्षातही एशिया चांगल्या प्रतियुतीला दहाव्या प्रतीच्या आसपास व वाईट प्रतियुतीला बाराव्या प्रतीजवळ असतो. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात. अकराव्या प्रतीचा बिंदू त्याहून शंभर पट मंद. पॉग्सनने जे शोधले ते हे असे.

आकाराने एशिया सुमारे साठ किलोमीटरचा, खडकाळ जातीचा गोळा आहे. पुण्याहून लोणावळा जेवढे लांब, साधारण तेवढी त्याची रुंदी. स्वतःभोवती फिरण्यास त्याला सुमारे सोळा तास लागतात. याहून त्याच्या अंगी विशेष असे काही नाही.

विशेष आहे ते नावात. सुरुवातीच्या लघुग्रहांना ग्रीक-रोमन देवींची नावे देण्याचा प्रघात पडला होता. प्रत्येकासाठी ग्रहांसारखे चिन्हही काढीत. पण दहा-पंधरा झाल्यावर चिन्हे इतकी गुंतागुंतीची होऊ लागली की १८५० नंतर वर्तुळात नुसता क्रमांक घालण्याची सोय स्वीकारली गेली. नावांवर मात्र वाद होत राहिले, आणि ते वाद वाचण्यासारखे आहेत. १८५० मध्ये हिंड या इंग्रज ज्योतिर्विदाने बाराव्या लघुग्रहाला 'व्हिक्टोरिया' म्हटले. ही रोमन विजयदेवता आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. पण त्याच्या देशाच्या गादीवर कोण बसले आहे हे सर्वांना ठाऊक होते. जिवंत राणीचे नाव आकाशात चढवणे अमेरिकन ज्योतिर्विदांना रुचले नाही आणि त्यांनी 'क्लिओ' या पर्यायी नावाचा आग्रह धरला. १८६१ च्या मार्चमध्ये सापडलेल्या दोन लघुग्रहांचेही तसेच झाले. ६४ व्याला मार्सेय शहराजवळच्या एका वेधस्थानावरून 'अँजेलिना' नाव दिले, ते पुराणातले नाही म्हणून नापसंत झाले, तरी टिकले. ६५ व्याला बव्हेरियाच्या राजावरून 'मॅक्सिमिलियाना' म्हटले, ते मात्र गळून पडले आणि 'सिबिली' ही देवी तेथे आली.

या वादाच्या ऐन धामधुमीत पॉग्सनचे 'एशिया' आले. ते निर्वेध स्वीकारले गेले, कारण त्याने दोन्ही बाजू राखल्या. ग्रीक पुराणात एशिया ही सागरकन्या आहे. देवांकडील अग्नी चोरून मानवाला देणारा प्रोमीथिअस हा, काही ग्रीक लेखकांच्या मते, तिचाच पुत्र. तेव्हा पुराणाचा आग्रह धरणाऱ्यांना बोट ठेवायला जागा नव्हती, आणि ज्यांना भूगोल कळत होता त्यांना खरा अर्थ कळत होता. थोड्याच दिवसांनी मिलान येथे स्किआपारेल्लीने ६९ वा लघुग्रह शोधला व त्याला 'हेस्पेरिया' म्हटले. ग्रीक लोक इटलीला पश्चिमेची भूमी या अर्थाने हेस्पेरिया म्हणत, आणि इटलीच्या एकीकृत राज्याची घोषणा त्याच वर्षी १७ मार्चला झाली होती. एक नाव पूर्वेचे, एक पश्चिमेचे. यादीत त्यांच्यामध्ये केवळ एक लघुग्रह आहे. ५२ वा 'युरोपा' १८५८ मध्येच येऊन गेलेला होता. 'अमेरिका' व 'आफ्रिका' विसाव्या शतकात अनुक्रमे ९१६ आणि ११९३ या क्रमांकांवर आले.

आता एक प्रश्न टाळता येत नाही. मद्रासच्या भूमीवरून लागलेल्या शोधाला खंडाचे नाव मिळाले हा आपला गौरव की ग्रीकांनी ठेवलेले नाव इंग्रजाने पुन्हा आपल्यावर ठेवले, एवढेच? माझे मत असे की गौरवाचा प्रश्न नावाशी नसून त्या वेधशाळेत काम करणाऱ्या माणसांशी आहे. आणि तेथे पॉग्सनखेरीज दुसरी दोन नावे घेतली पाहिजेत.

पहिले चिंतामणी रघुनाथाचारी. पंचांगकर्त्यांच्या घराण्यातील हे गृहस्थ मद्रास वेधशाळेत हाताखालच्या नोकरीत लागून पुढे पॉग्सनचे मुख्य साहाय्यक झाले. ताऱ्यांची सूची तयार करण्यासाठी वर्षानुवर्षे जे वेध घेतले गेले त्यांचा फार मोठा भार त्यांनी उचलला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पॉग्सन मछलीपट्टणला गेला आणि निजामाच्या मुलखातील वनपर्ती येथे स्वतंत्र तुकडी घेऊन रघुनाथाचारी गेले. त्याआधी १८६७ मध्ये जालक या दक्षिणेकडील तारकासमूहातील एक रूपविकारी तारा त्यांनी शोधला होता. तो आज 'आर रेटिक्युली' या नावाने ओळखला जातो. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. ९ डिसेंबर १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी त्यांनी पुस्तिका लिहिली व ती इंग्रजीबरोबर देशी भाषांतही काढली. आकाशात जे प्रत्यक्ष दिसते त्याच्याशी जुळणारे 'दृग्गणित पंचांग' हा त्यांच्या आयुष्याचा दुसरा उद्योग. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. मराठी वाचकाला येथे केरो लक्ष्मण छत्रे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. कुलाबा वेधशाळेत उमेदीची वर्षे काढलेल्या केरूनानांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिली व पंचांगशुद्धीचा तोच आग्रह महाराष्ट्रात धरला. परकीयांच्या वेधशाळेत शिकायचे आणि त्या विद्येने घरचे पंचांग दुरुस्त करायचे, हा मार्ग दोघांनी एकाच काळात, पण स्वतंत्रपणे धरला. रघुनाथाचारींचे १८८० मध्ये निधन झाले.

दुसरे नाव एलिझाबेथ आयसिस पॉग्सन हिचे. पॉग्सनने १८५६ मध्ये ऑक्सफर्डला शोधलेल्या ४२ व्या लघुग्रहाला 'आयसिस' हे मिसरी देवीचे नाव दिले गेले. ते सुचवणाऱ्या वरिष्ठाच्या मनात पॉग्सनची ही लहान मुलगी होती, असे मानतात. तीच मुलगी मोठी झाल्यावर १८७३ पासून मद्रास वेधशाळेत वडिलांची साहाय्यक म्हणून काम करू लागली. १८८६ मध्ये तिचे नाव रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे आले, तेव्हा संस्थेच्या सनदेत सभासदासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले आहे या कारणावरून ते मागे घ्यावे लागले. व्याकरणाचा असा उपयोग आमच्या भाषा विभागातही कोणी केलेला नाही! अखेर १९२० मध्ये ती सभासद झाली. तिच्या नावाशी निगडित लघुग्रह तोवर चौसष्ट वर्षे आकाशात फिरतच होता.

पॉग्सनने मद्रासहून आणखी चार लघुग्रह शोधले: १८६४ मध्ये ग्रीक कवयित्रीच्या नावाचा सॅफो, १८६६ मध्ये सिल्व्हिया, १८६८ मध्ये कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा. यांपैकी सिल्व्हियाची गंमत सांगितली पाहिजे. ही रोम शहराचे संस्थापक रोम्युलस व रीमस या जुळ्यांची आई. विसाव्या शतकात नावाचे मूळ विसरले जाऊन, हे नाव एका फ्रेंच ज्योतिर्विदाच्या पत्नीवरून पडले असावे असाही तर्क झाला. पुढे २००१ मध्ये या लघुग्रहाभोवती एक उपग्रह सापडला व २००४ च्या वेधांत दुसरा. दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. त्यांची नावे काय ठेवावीत हा प्रश्नच उरला नाही: रोम्युलस आणि रीमस. आईचे नाव मद्रासला ठेवले गेले आणि मुले एकशे पस्तीस वर्षांनी हाती लागली.

पॉग्सन तीस वर्षे मद्रासलाच राहिला. मायदेशी परतला नाही. मनुष्यबळ अपुरे, वेधांचे ढीग साठलेले आणि ते छापून काढण्यास सवड नाही अशी त्याची अखेर झाली. १८९१ च्या जून महिन्यात तो मद्रासला वारला आणि त्याच्या वेधांचे बरेचसे प्रकाशन त्याच्या मागून आलेल्यांनी केले. १८९९ पासून खगोलीय काम कोडाईकनालला हलवण्यात आले. १९६८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शोधलेल्या १८३० व्या लघुग्रहाला 'पॉग्सन' हे नाव मिळाले.

व्हेरानंतर भारताच्या भूमीवरून लघुग्रह सापडण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९८८ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूतील कावलूर येथील वेधशाळेतून ४५ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीने आर. राजमोहन यांनी एक लघुग्रह शोधला. तो क्रमांक ४१३०, नाव रामानुजन. ग्रीक देवी आता आवश्यक राहिलेली नव्हती. हल्लीच्या नियमाप्रमाणे कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळाल्यावर शोधकाला नाव सुचवण्याचा दहा वर्षे हक्क असतो. नाव सोळा अक्षरांपर्यंतचे असावे, आणि राजकारणी वा लष्करी व्यक्तीचे असल्यास तिच्या मृत्यूला शंभर वर्षे झालेली असावीत. व्हिक्टोरियाच्या वादातून एवढे शहाणपण आले म्हणावयाचे. गायकांना मात्र थांबावे लागत नाही. २०१९ मध्ये एका लघुग्रहाला पंडित जसराजांचे नाव त्यांच्या हयातीतच देण्यात आले. त्याचा क्रमांक ३००१२८ आहे, आणि पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३०. मागून पुढे वाचली की तोच आकडा येतो. ज्ञात लघुग्रहांची संख्या आता तेरा लाखांच्या पुढे गेली असून बहुतेकांना नुसता क्रमांकच आहे.

एशिया पाहण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांनी सूर्यसमीप प्रतियुतीचे वर्ष पंचांगातून नव्हे, तर खगोलीय कोष्टकांतून पाहून ठेवावे. तीन-चार इंची दुर्बीण, अमावास्येच्या आसपासची रात्र आणि शहराच्या दिव्यांपासून दूरची गच्ची एवढे साहित्य पुरते. कोष्टकात दिलेल्या जागेभोवतीचे दिसतील तेवढे सर्व तारे कागदावर काढावेत, कोणता लघुग्रह हा विचार न करता. दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा काढावेत आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरावेत. जो ठिपका जुळणार नाही, तो एशिया.